एसी सर्विसिंगवाला "गॅस संपलाय" म्हणाला तर लगेच पैसे काढू नका

उन्हाळ्यात अ‍ॅपवरून एसी सर्विसिंग बुक करणारे बरेच असतील म्हणून लिहितेय. आमचा दीड टनाचा स्प्लिट एसी, आदल्या रात्रीपर्यंत मस्त गार करत होता, फक्त धुऊन घ्यायचा होता. मुलगा आला, बोलायला एकदम गोड. जेट मारून झाल्यावर ड्राय बाल्कनीत आउटडोअर युनिटपाशी बराच वेळ खुडबुड केली आणि मग हाक मारली, मॅडम हे बघा. गॅसचा दाब दाखवणारं गेज लावलेलं, काटा जवळजवळ शून्यावर. म्हणे गॅस उडालाय, असाच चालवला तर कॉम्प्रेसर जाईल.

पुढे खरी गंमत. अ‍ॅपमधून केलं तर २८०० लागतील, मी २००० मध्ये करतो, तुम्ही फक्त बुकिंग कॅन्सल करा, आमचं कमिशन वाचतं. यूपीआय करताना नाव भलतंच आलं, तर म्हणे भावाचं अकाउंट आहे. बिल मागितलं तर व्हॉट्सअ‍ॅप करतो म्हणाला, ते अजून येतंय.

नंतर सासूबाईंच्या ओळखीचे जुने मेकॅनिक दुसऱ्या कामाला आले, त्यांना सहज सांगितलं तर हसायलाच लागले. ताई, गॅस नव्हता तर आदल्या रात्री गार हवा कुठून आली? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद पाइपांत तोच तोच फिरतो, लीक असेल तरच कमी होतो. आणि त्यांनी करूनच दाखवलं. आउटडोअरच्या बाजूच्या बारक्या व्हॉल्व्हची पितळी टोपी काढली, अ‍ॅलन कीने व्हॉल्व्ह बंद केला, एसी चालूच, आणि काटा बघता बघता खाली. गॅस सगळा आउटडोअरमध्ये गोळा होतो, एसी शिफ्ट करताना हेच करतात म्हणे. व्हॉल्व्ह परत उघडला की काटा वर. झाला गॅस भरून!

त्यामुळे सर्विसिंग सुरू करायच्या आधी एसी लावून त्याच्यासमोर कूलिंग बघून घ्या. गॅस कमी आहे म्हणाला तर लीक कुठंय ते साबणाच्या फेसाने दाखव म्हणा, लीकच्या जागी बऱ्याचदा तेलाचा डागपण असतो. कुठला गॅस आणि किती वजनाचा ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, तेव्हा गॅस भरायच्या आधी आणि नंतर सिलेंडर वजनकाट्यावर ठेवायला सांगा (आमच्याकडे आलेल्याकडे वजनकाटाच नव्हता). आणि काय वाट्टेल ते झालं तरी बुकिंग कॅन्सल करून बाहेर पैसे देऊ नका.

कारण कस्टमर केअरला तक्रार केली तर उत्तर काय, बुकिंग ग्राहकाने रद्द केलंय, सर्विस दिल्याची नोंदच नाही. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथेही कंपनीने हेच वाक्य चिकटवलं. आता पोलिसांत द्यायचं तर हातात फक्त त्या भावाच्या नावाचा यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे. आणि त्या मुलाचं रेटिंग अजून ४.८ आहे, कॅन्सल केलेल्या बुकिंगला स्टार देताच येत नाहीत ना.