अकूस्टिक बेस गिटार: अकरा महिने वाजवल्यानंतर

अकूस्टिक बेस, म्हणजे पोकळ लाकडी पेटीची, खालच्या सुरांची गिटार, घेऊन अकरा महिने झाले. "अ‍ॅम्पशिवाय ऐकू येतो का हो?" हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. ध्वनिवर्धक (अ‍ॅम्प) न लावता खोलीत एकट्याने वाजवला तर येतो. सोबत एकच गिटार असेल आणि समोरचा जपून वाजवत असेल, तरी येतो. पेटी (हार्मोनियम) आणि तबला सुरू झाले की जवळजवळ येत नाही. तरीही हे वाद्य मी विकलेलं नाही आणि विकणारही नाही.

माझा बेस चार तारांचा, 34 इंची स्केलचा (म्हणजे वाजणारी तार तेवढी लांब) आहे. वरची फळी अख्ख्या स्प्रूस लाकडाची, पाठ आणि बाजू प्लायच्या. सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) तारांची थरथर विजेत बदलणारा पिझो पिकअप आणि कडेला त्या सिग्नलला बळ देणारा, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे उणं सांगणार आहे ते या जातीच्या बहुतेक वाद्यांना लागू आहे.

आमचा सांगलीत भावगीतं-अभंगांचा छोटा गट आहे. दर गुरुवारी कुणाच्या तरी घरी बसतो. पहिल्या गुरुवारी गाणं काळी तीनमध्ये (हार्मोनियमच्या तिसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात) होतं. मी चौथ्या, सगळ्यात जाड तारेवर दुसऱ्या फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या दुसऱ्या पट्टीला) षड्ज धरला आणि दोन बोटांनी चांगला दाबून छेडला. डग्ग्याची घुमकी आली आणि माझा सूर तिच्या पोटात गडप झाला. पेटीवाले काका नंतर म्हणाले, "बोटं हलताना दिसतात रे, पण सूर माझ्यापर्यंत पोचत नाही." फार वाईट वाटलं त्या दिवशी.

यात वाद्य खराब आहे असं काही नाही. खुली चौथी तार 41 हर्ट्झवर हलते. त्या सुराची हवेतली एक लहर सव्वाआठ मीटर लांब, आणि ती उठवायला आपल्याकडे मांडीवर मावणारी लाकडी पेटी. पेटीतली हवा स्वतः ज्या सुराला घुमते तो सूर माझ्या वाद्यात 98 हर्ट्झच्या आसपास आहे, म्हणजे थेट खुल्या पहिल्या तारेचा. हे घरी तपासता येतं: साउंडहोलाशी (पेटीवरच्या भोकाशी) तोंड नेऊन 'ऊ' म्हणत सूर हळूहळू खाली उतरवा. एका जागी पाठीची फळी तळहाताला थरथरून उत्तर देते. त्या सुराच्या खाली जाल तसा पेटीचा आधार झपाट्याने सुटतो. उभ्या डबल बेसची उंची माणसाएवढी, त्यातली हवा साठ हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणून तो खोली भरतो. त्यात आपला कानही खालच्या सुरांना मंद, हळू आवाजात तर फारच.

लोकांनी यावर उपाय शोधले नाहीत असं नाही. अमेरिकेत 1972 मध्ये अर्थवूड नावाचा अकूस्टिक बेस निघाला, त्याची पेटी आठ इंचांहून खोल होती. आवाज मोठा, पण ते धूड मांडीवर घेऊन तासभर बसणं सोपं नव्हे. मेक्सिकोतल्या मारियाची (लोकसंगीताच्या) ताफ्यातला गिटारॉन हा बेस मला जास्त शहाणा वाटतो. पोट चांगलं फुगीर, आणि वाजवणारे एकाच सुराच्या खालच्या-वरच्या सप्तकातल्या दोन तारा एकदम ओढतात. खालचा सूर कमी पडला तरी वरचा त्याला उचलून धरतो.

हे कळल्यावर मी षड्ज जागेवरून हलवला. चौथ्या तारेऐवजी दुसऱ्या तारेवर चौथ्या फ्रेटला धरला, म्हणजे 46 ऐवजी साडेब्याण्णव हर्ट्झ. बेसची पेटी एकदम बोलायला लागली. जिथे खालचा षड्ज हवाच, तिथे अंगठा चौथ्या तारेवर आणि मधलं बोट दुसऱ्या तारेवर ठेवून दोन्ही एकदम ओढतो. पुढच्या गुरुवारी काकांनी हार्मोनियमवरून नुसती मान डोलावली. मला तेवढं पुरलं.

फेब्रुवारीत मिरजेला गेलो होतो, तिथल्या एका तंबोरे करणाऱ्या वयस्क कारागिरांना वाद्य दाखवलं. बेस त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच हातात घेतला असावा. फळीवर चार ठिकाणी टिचक्या मारल्या, चौथी तार छेडून ऐकली आणि म्हणाले, "खर्ज आहे, पण उघडत नाही. आमच्याकडं जवारी काढतात ती कशासाठी?" जवारी म्हणजे तार गुंजावी म्हणून तंबोऱ्याच्या घोडीला दिलेला नाजूक उतार. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झच्या जवळ असतो. पण कानात भरतात त्या जवारीने फुलवलेल्या वरच्या श्रुती (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर), आणि मूळ सूर क्षीण असला तरी कान त्यांच्यावरून त्याची जागा ओळखतो. बेसचंही तसंच. 41 हर्ट्झ कमी निघाले तरी 82, 123, 165 नीट निघाले, तर मन खालचा सूर भरून घेतं.

म्हणून तारांविषयी माझं मत आता ठाम आहे. अ‍ॅम्पशिवाय वाजवायचं असेल तर फॉस्फर ब्राँझच्या नव्या, खरखरीत तारा घाला. काळ्या नायलॉनचं वेष्टण असलेल्या तारा मी दोन महिने लावल्या होत्या. बोटांना लोण्यासारख्या, आणि अ‍ॅम्पवर इतका गोल, जुना सूर की ऐकत राहावं. पण केबल काढली की नुसती धपधप. शिवाय हात थोडा ब्रिजकडे (फळीवर तारा अडकवलेल्या पट्टीकडे) न्या, सूर स्पष्ट होतो. बसायला खोलीचा कोपरा धरा, दोन्ही भिंती खालच्या सुरांना मदत करतात.

अ‍ॅम्पवर हे वेगळंच वाद्य आहे, आणि कार्यक्रमासाठी मी आता दरवेळी केबल जोडतोच. बेसचाच अ‍ॅम्प घ्या. गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पचा स्पीकर हे सूर पेलत नाही. पिझोचा आवाज मुळात थोडा टकटकीत असतो. मधल्या सुरांचा भाग जरा उतरवला की लाकूड ऐकू येतं. मोठा त्रास फीडबॅकचा. एप्रिलमध्ये एका मंगल कार्यालयात अ‍ॅम्प माझ्या पाठीशी ठेवला होता. दुसऱ्याच गाण्यात 'घूंऽऽ' सुरू झालं आणि थांबेना. तो सूर होता नेमका 98 हर्ट्झचा! स्पीकरचा आवाज फळीला हलवतो, फळी पिकअपला, आणि पेटी ज्या सुराला सगळ्यात जास्त घुमते तोच सूर चक्राकार वाढत जातो. जे दिवाणखान्यात बळ होतं तेच तिथे अंगावर आलं. आता साउंडहोलाला रबरी झाकण लावतो, अ‍ॅम्प बाजूला आणि थोडा पुढे ठेवतो, प्रीअँपवरचं फेजचं (ध्वनिलहर उलटवणारं) बटण दोन्ही बाजूंनी करून बघतो आणि नॉच (एकच सूर कापणारी चाळणी) त्या सुरावर बसवतो. तेव्हापासून एकदाही घुमलं नाही.

बॅटरीचं एक लक्षात ठेवा: केबल जॅकमध्ये राहिली की प्रीअँप चालूच राहतो. रात्रभर राहिली तर सकाळी आवाज फाटका येऊ शकतो.

पावसाळा मात्र जड गेला. जुलैत वरची फळी दमटपणाने फुगली. बाराव्या फ्रेटवर चौथ्या तारेची उंची अडीच मिलिमीटरवरून साडेतीनवर गेली आणि करंगळी दुखायला लागली. घाईने सॅडल घासायला निघालो होतो, बरं झालं थांबलो. केसमध्ये सिलिका जेलच्या मोठ्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला, काटा पन्नाशीच्या आसपास राहील असं बघितलं. तीन आठवड्यांत फळी बरीचशी बसली, मग ट्रस रॉडला (मानेचा बाक ठरवणाऱ्या आतल्या सळीला) ॲलन कीने पाव फेऱ्याहून कमी पीळ पुरला. सॅडल घासलं असतं तर हिवाळ्यात तारा फ्रेटवर खडखडल्या असत्या.

दुकानात बघायला जाल तेव्हा आधी केबल न लावता वाजवा, तेही दुकानातला एसी आणि गोंगाट बंद करायला सांगून. साउंडहोलाशी 'ऊ' म्हणून घुमारा कुठे आहे ते बघा. जितका खाली, तितकं चांगलं. आणि वाद्य मांडीवर घेऊन पेटीच्या वरच्या कडेला हनुवटी टेकवून चौथी तार छेडा. समोरच्याला ऐकू येत नाही तो सगळा खर्ज तिथे हाडातून वर येतो. मी रोज रात्री दहानंतर, घरचे झोपल्यावर, असाच रियाज करतो.