18 हजार किलोमीटरची म्हणून घेतलेली पल्सर 71 हजारांच्या पुढची निघाली

जुन्या बाइकचं किलोमीटरचं मीटर मागे फिरवलेलं असू शकतं हे काय कुणाला माहीत नसतं असं नाही. मलाही माहीत होतं, मीच मेव्हण्याला त्याच्या गाडीच्या वेळी ज्ञान पाजळलेलं की मीटरवर जाऊ नकोस, इंजिनचा आवाज ऐक वगैरे. म्हणून तर डोकं जास्त फिरतंय. आता घरात हा विषय निघाला की तो काही बोलत नाही, खाली बघून गालातल्या गालात हसत चहा पीत बसतो. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तर गाडी म्हणजे पल्सर 150, काळी, जानेवारी 2019 ची, एमएच 12 पासिंग, विकणारा दुसरा मालक. ॲपवर जाहिरात होती, हडपसरचा मुलगा, वय असेल 26-27, बोलायला एकदम गोड, सारखं दादा दादा. मीटर 18,340. किंमत 62,000 सांगितलेली, घासाघीस करून 57,000 ला ठरली. 2,000 टोकन यूपीआयने, मग 30,000 यूपीआय, आणि 25,000 कॅश, कारण "दादा, खात्यात आले की हप्त्यात कापले जातात, थोडे हातात द्या ना". दिले. कॅश देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर कागदावर रक्कम लिहून सही घ्या, त्या 25 हजारांचा माझ्याकडे आज एक चिटोराही नाही.

आता कुणी म्हणेल सहा वर्षांची गाडी आणि फक्त 18 हजार, तुला शंका आली नाही का? आली. लगेच विचारलं. तो म्हणाला मी आयटीत आहे, 2020 ला लॉकडाउन लागला तेव्हापासून दोन अडीच वर्षं घरूनच काम, गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. आता सांगा यात न पटण्यासारखं काय आहे? माझ्या स्वतःच्या स्कूटरची बॅटरी त्या काळात उभ्या उभ्या मेली होती. पुण्यातल्या अर्ध्या गाड्यांची तीच कथा आहे आणि ह्या लोकांना ते बरोबर ठाऊक असतं. कोविडने फसवणाऱ्यांना आयुष्यभराचं कारण देऊन ठेवलंय.

आणि मी काही आंधळेपणाने गेलो नव्हतो. सरकारच्या एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव पाहिलं, त्याच्या आधारशी जुळवलं, बँकेचा बोजा उतरलेला आहे का पाहिलं, चलनं पाहिली, दोन बाकी होती ती त्याच्याकडून भरून घेतली, चेसिस नंबर गाडीवर वाचून आरसीशी ताडला. सगळं चोख. चोरीची नाही, लोनची नाही, अपघाताची दिसत नाही. कागद इतके स्वच्छ असल्यावर माणूस सैलावतोच.

पण ती टायरची गोष्ट. रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे. त्याने स्वतःच कौतुकाने दाखवलं, "दादा, दोन्ही टायर आत्ताच टाकलेत, चेन स्प्रॉकेटपण नवीन, तुम्हाला वर्षभर खर्च नाही." आणि मी मनात हिशोब करतोय की चला, सात आठ हजार वाचले! अरे 18 हजारात दोन्ही टायर जातात का? मागचा एखाद्याचा जाईल, पुढचापण? चेन किटपण? फुटरेस्टची रबरं कोरी करकरीत, हँडलच्या मुठी नवीन, आणि शेजारीच ब्रेकच्या पॅडलवरचे खाचे पूर्ण झिजून पत्रा चांदीसारखा चकाकतोय. मी त्यावर बोट फिरवलं होतं. खरंच फिरवलं होतं. गुळगुळीत लागलं, आणि तेवढ्यात तो म्हणाला "चक्कर मारून या ना दादा" आणि मी किल्ली घेतली. किल्लीचे दातसुद्धा घासून गोल झालेले. जे सहज बदलता येतं ते सगळं नवीन आणि जे कुणी बदलत नाही ते म्हातारं, असं दिसलं की तिथूनच रिक्षा करून घरी या.

अजून एक. मी पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. "आत्ताच दूध आणायला गेलेलो." गार गाडी एका सेल्फमध्ये कशी उठते, निळा धूर सोडते का, टाइमिंग चेन किती खडखडते, हे सगळं त्या दुधात गेलं. बघायला जाताना वेळ सांगून जाऊ नका, गेल्या गेल्या सायलेन्सरजवळ हात धरा, आणि गरम असेल तर टपरीवर बसा तासभर, गार होऊ द्या.

घरी आणली, हार घातला, नारळ फोडला, ऑफिसात पेढेपण वाटले (ते 640 रुपये हिशोबात धरत नाही). ट्रान्सफरसाठी एजंट 2,200. वर एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी सुरक्षा नंबरप्लेट नव्हती, ती 531. गाडी नावावर झाली. आणि साधारण महिन्याभराने बायकोला मागे बसवून कात्रजच्या घाटात चढताना क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, गाडी पुढे जात नाही, मागून ट्रकवाला हॉर्न वाजवतोय. मला वाटलं क्लच केबल असेल.

धायरीतला आमचा मेकॅनिक, पंधरा एक वर्षं तेच काम करतोय, त्याने गाडी स्टँडला लावली, हँडल इकडे तिकडे केलं, कोनसेटमध्ये, म्हणजे हँडलच्या बेअरिंगमध्ये, मधोमध अडकतंय बघा म्हणाला, मग मीटरकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "सर, कितीला घेतली?" मी 52 सांगितली. पाच हजार कमी सांगितली, का ते विचारू नका. तो म्हणाला ही डिलिव्हरीची गाडी आहे. मागचं ग्रॅब हँडल बघा, दोन्ही बाजूंना रंग गेलाय, बॅगेचे पट्टे घासून घासून. आणि मीटरच्या कव्हरचे स्क्रू बघा, खाचा फाटल्यात, उघडलंय. पूर्वी केबलच्या मीटरचे आकडे हाताने मागे न्यायला लागायचे, आता मीटर काढून आतल्या चिपमधला आकडा बदलतात नाहीतर दुसरं मीटरच बसवतात, हजारभर रुपयात काम होतं. डिजिटल आहे म्हणून खरं आहे असं समजणाऱ्यांनी हे परत वाचा.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. नंबर सांगितला, आरसी दाखवली, काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटांत स्क्रीन फिरवून दाखवली. प्रत्येक सर्व्हिसच्या जॉबकार्डवर किलोमीटर लिहिलेले असतात. ऑगस्ट 2022, 58,912. मार्च 2023, 71,406. त्यानंतर तिथे नोंद नाही, म्हणजे पुढची दोन वर्षं बाहेर काम केलेलं, आज खरे किती झालेत हे तो देव आणि तो हडपसरवाला जाणे. हे सगळं टोकन द्यायच्या आधी बघता आलं असतं, फुकट. आरसीचा फोटो घेऊन जा, नाही सांगितलं तर विकणाऱ्यालाच सोबत न्या. यायला टाळाटाळ केली तर विषय संपला.

खर्च लिहितो, म्हणजे कुणाला वाटायला नको की उगाच रडतोय. क्लच प्लेट 1,150, बोअर पिस्टन 4,200, टाइमिंग चेन 650, कोनसेट 450, फोर्कचे सील 600, ऑइल 500, मजुरी 3,500, आणि ते "नवीन" चेन किट लोकल निघालं, ते परत 1,900. एकूण 12,950. त्या हडपसरवाल्याला फोन केला तर आधी म्हणाला "दादा, मी घेतली तेव्हापासून असंच मीटर आहे", मी म्हटलं आरसीवर तू डिसेंबर 2021 पासून मालक आहेस, 71 हजार तुझ्याच काळातले आहेत, तर म्हणाला मीटिंगमध्ये आहे, नंतर ब्लॉक. ॲपवरचं प्रोफाइलपण गायब. व्हॉट्सॲपवरचा "जेन्युइन 18 हजार, लिहून देतो" हा मेसेज मी आधीच स्क्रीनशॉट मारून ठेवलेला, तेवढी अक्कल होती.

आता सरकारी कथा ऐका. पोलीस चौकीत गेलो, जॉबकार्डची प्रिंट, स्क्रीनशॉट, यूपीआयचे पुरावे, सगळं फायलीत लावून. साहेबांनी फाइल उघडली नाही. "गाडी चालू आहे ना? नावावर झाली ना? मग फसवणूक कशी? हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मी म्हटलं साहेब, खोटं सांगून पैसे घेतले, पूर्वीचं कलम 420, आता न्याय संहितेचं 318 आहे ना. तर "कायदा आम्हाला शिकवू नका". शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. गुन्हा नोंद नाही, अदखलपात्रसुद्धा नाही, नुसता अर्ज. वर ही चौकी तुमची नाही, व्यवहार हडपसरला झाला, तिकडे जा. तिकडे गेलो तर तुम्ही राहता तिकडे द्या. मधल्या बेंचवर एक काका बसलेले, त्यांचं फ्लॅटच्या डिपॉझिटचं होतं, त्यांनापण सिव्हिल मॅटरच सांगितलेलं. माझी कळ तरी 57 हजारांची, त्यांची दोन लाखांची.

मग आरटीओ. तिथल्या खिडकीत विचारलं की मीटर बदललेल्या गाडीची तक्रार कुठे करायची. तो माणूस खरोखर गोंधळला. "किलोमीटरचा आमच्याशी काय संबंध?" आणि बरोबर आहे त्याचं! गाडी नावावर करायचा फॉर्म 29 काढून बघा, फॉर्म 30 बघा, आरसी बघा. चेसिस नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतील, फोटो घेतील, 531 ची प्लेट नसेल तर फाइल पुढे सरकणार नाही, पण गाडी किती चालली हे लिहायला एक रकाना नाही. एक! विकणाऱ्याने त्या दिवशीचा आकडा लिहून सही करायची, एवढीच एक ओळ असती तर पुढच्या मालकाच्या हातात काहीतरी राहिलं असतं. सगळ्या गोष्टींना फी आहे, सगळ्याला शिक्का आहे, आणि जुन्या गाडीची किंमत ज्याच्यावर ठरते तेवढीच गोष्ट सरकारच्या कागदावर नाही.

ग्राहक हेल्पलाइन 1915 ला पण फोन केला. मॅडम सभ्यपणे बोलल्या, विचारलं विकणारा डीलर आहे का. नाही, खासगी माणूस. मग स्वतःची गाडी विकणारा ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणाल्या. म्हणजे डीलरचं कमिशन वाचवायला मी खासगीत घेतली आणि त्याच कारणाने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद. हे कुणी आधी सांगत नाही, मी सांगतोय. डीलर पाच हजार जास्त घेतो तेव्हा निदान खेचायला कुणीतरी असतं.

वकिलाची नोटीस 2,500. रजिस्टर एडीने पाठवली, "पत्त्यावर राहत नाही" शेरा मारून परत आली. भाड्याचा फ्लॅट होता. आधारवर पत्ता जळगाव जिल्ह्यातला आहे, वकील म्हणतात तिकडे परत पाठवू, परत 2,500. त्यापेक्षा व्यवहाराच्या दिवशी साध्या कागदावर मीटरचा आकडा, तारीख, वेळ, रक्कम, "मीटर बदललेलं नाही" असं एक वाक्य, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार म्हणून सोबतचा मित्र, एवढं करा. सही करताना हात अडखळला तर तिथेच कळेल.

आतापर्यंत एकूण 75,181 गेले, पेढे सोडून. अर्ज अजून चौकशीवर आहे, असं फोनवर सांगतात.

परवा वैतागून गाडी एका जुन्या गाड्यांच्या डीलरला दाखवली. त्याने मीटर पाहिलं, 20 हजार आणि वर काहीतरी, खूश झाला, लगेच 46,000 बोलला. मी फाइलमधलं जॉबकार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. 29,000 वर आला, आणि कागद माझ्याकडे परत सरकवत म्हणाला, "हे कशाला दाखवता साहेब, घरी ठेवा ना."