कमी शब्दांत कविता: बेळगावच्या टिळकवाडीतली रविवारची कार्यशाळा

तीन तास, १२ जागा, चहा धरून फी ३०० रुपये. ओळीतला कुठला शब्द काढता येतो आणि कुठला काढला की ओळच कोसळते, एवढंच शिकवतात. पैसे पहिल्या दीड तासातच वसूल होतात.

सुरुवात 'आहे'पासून. 'अंगणात तुळस आहे'चं 'अंगणात तुळस' केलं तर काही बिघडत नाही. बेळगावच्या कानाला हे लगेच पटतं, कन्नडातही 'नन्न हेसरु रवि' एवढ्यावर वाक्य पुरं होतं की! पण 'अंगणात तुळस होती' मधलं 'होती' उडवलं की तुळस परत उगवते आणि जिच्या नसण्यावर कविता उभी, ते नसणंच जातं. नवशिके नेमके इथे फसतात.

मग प्रत्यय. 'दारात'चं 'दारी', 'उरात'चं 'उरी' केलं की एकेक अक्षर वाचतं. दोन ओळींत तीनदा केलं तर मात्र भजनी मंडळ बसल्यासारखं वाटतं. 'ने' जपून काढायचा. 'पावसाने भिंत पडली'चं 'पाऊस भिंत पडली' केलं तर वाक्य लंगडतं. 'पाऊस'वर ओळ तोडून 'भिंत पडली' खाली घेतलं, की 'ने'चं काम मधली मोकळी जागा करते. फळ्यावरचं हे उदाहरण सगळ्यात कामाचं.

सर्वनामांचा भाग कच्चा आहे. 'मी' गाळा, क्रियापद सांगतंच, असा सरसकट नियम देतात. आपल्याकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात. मग नुसत्या 'जातो'त बोलणारा पुरुष, बोलणारी बाई की तिसराच कोणी, काय समजायचं? आधी 'पदर खोचला' एवढं आलं तरी भागतं. सीमाभागातल्या वर्गात हे सुटावं हे पटत नाही.

शेवटचा तास अभंगाच्या ६-६-६-४ अक्षरांत जातो. जोडाक्षर एकच धरायचं हे नीट सांगतात, पण गाळलेले शब्द अक्षरं भरायला 'रे', 'गे', 'बा' होऊन परत येतात, त्याचं काय ते कुणी बोलत नाही.

जाताना स्वतःच्या दहाएक ओळी साध्या गद्यात लिहून न्या. कापलेली ओळ मूळ न पाहिलेल्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावतात. त्याने 'कोण गेलं?' विचारलं की काढलेला एक शब्द परत घ्यायचा.