पहिल्या तासाला पबमेड की गुगल स्कॉलर?

फार्मसी किंवा नर्सिंगच्या कॉलेजात ग्रंथपाल असाल, तर लॅबचा एखादा तास कसाबसा पदरात पडतो. त्यात मुलांना संशोधन-लेख शोधायला शिकवायचं. पबमेड (वैद्यकीय लेखांची मोफत सूची) आणि गुगल स्कॉलर (गुगलचं संशोधन-लेख शोधायचं साधन) हे दोन्ही उरकायला गेलं की एकही धड होत नाही.

स्कॉलरची बाजू भक्कम आहे. मुलांना ते आधीपासून माहीत असतं. लेखाच्या पूर्ण मजकुरात शोध घेतं, प्रबंध आणि पुस्तकंही समोर आणतं, आणि 'सायटेड बाय'सारखी (हा लेख पुढे कोणी संदर्भात घेतला ते दाखवणारी) सोय फुकटात दुसरीकडे इतकी सहज मिळत नाही. विषय मॅनेजमेंटचा किंवा समाजशास्त्राचा असता तर मी हा प्रश्न काढलाच नसता.

माझं अडतं ते एका प्रश्नावर. "सर, हाच पेपर वर का आला?" मजकूर, लेखक, प्रकाशन कुठे झालं आणि इतरांनी किती वेळा संदर्भ दिला, हे बघून क्रम लागतो, इतकंच गुगल सांगतं. नेमकं गणित बाहेरच्याला दिसत नाही. आता शोध कसा घ्यायचा हे शिकवायला उभं राहायचं आणि नेमकं तिथेच हात वर करायचे, हे मला काही रुचत नाही. मुलं मग पहिले तीन निकाल उचलून मोकळी होतात.

पबमेडमध्ये मी हळदीचं उदाहरण घेतो: टर्मरिक वूंड हीलिंग. (अमेरिकेत १९९५ साली दिलेलं हळदीचं पेटंट सीएसआयआर या भारतातल्या सरकारी संशोधन संस्थेने जुने संदर्भ पुढे करून १९९७ मध्ये रद्द करवलं, एवढं सांगितलं की मागची बाकंही ऐकू लागतात.) मग ॲडव्हान्स्ड उघडायचं आणि त्या शोधासमोरचे डीटेल्स बघायचे. आपण लिहिलं टर्मरिक. पबमेडने त्याला मेशमधला, म्हणजे त्याच्या ठरावीक विषय-शब्दांच्या यादीतला, 'कर्क्युमा' जोडून मध्ये ओआर ('किंवा') घातलेला असतो. यंत्राने काय केलं ते पडद्यावर उघडं पडतं. बूलियनवर (अँड, ओआरने शब्द जोडण्यावर) वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही. डावीकडे रँडमाइज्ड ट्रायलवर (रुग्णांचे गट यादृच्छिकपणे पाडून केलेल्या चाचण्या) खूण केली की निकाल झरकन आटतात, आणि का आटले ते मुलंच सांगतात.

पबमेडलाही खोट आहेच. बऱ्याचदा हाती नुसता सारांश येतो. 'फ्री फुल टेक्स्ट' लावलं तर मोफत तेवढंच दिसतं, महत्त्वाचे पेपर गळतात, आणि हे बजावून सांगावं लागतं. भारतीय प्रबंधांसाठी तर शोधगंगेवरच, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर, जायचं.

तुमची मुलं एम.फार्म.ची असतील, विषय ठरलेला असेल, तर तुमचं गणित वेगळं असू शकेल. पदवीच्या वर्गाला मात्र मी पबमेडच आधी देईन. स्कॉलरला शेवटची दहा मिनिटं ठेवतो, तीही ज्याच्या हाती एक बरा पेपर लागलाय त्याच्यासाठी: शीर्षक टाकायचं आणि थेट 'सायटेड बाय'वर क्लिक करायचं.