नेमबाजांची नोंदवही : सोलापुरात बांधून मिळणाऱ्या एका वहीचा अभिप्राय

सोलापुरात नव्या पेठेच्या आतल्या गल्लीत व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या बांधून देणारे एक जुने दुकान आहे आणि तेथे हल्ली रायफल नेमबाजांसाठी वेगळी नोंदवही करून मिळते. फुलस्केप आकाराची, कापडी पाठीची आणि शिवलेल्या बांधणीची ही वही बरेच दिवस वापरल्यानंतर तिच्याविषयी सविस्तर लिहिणे योग्य वाटते, कारण छापील स्पोर्ट्‌स डायऱ्यांमध्ये क्वचितच आढळणारा विचार तिच्या आखणीत आहे.

वहीचे दोन भाग आहेत. पुढच्या भागात रोजकीर्दीसारखी तारीखवार नोंद करायची आणि मागच्या भागात खतावणीप्रमाणे पेलेटच्या (एअर रायफलच्या छोट्या गोळ्यांच्या) किंवा काडतुसांच्या प्रत्येक लॉटला, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या मालाला, स्वतंत्र पान द्यायचे. रोजचा स्कोअर लिहून ठेवणारे नेमबाज पुष्कळ असतात. परंतु अमुक लॉट आपल्या नळीला मानवतो की नाही, हा प्रश्न काही महिन्यांनी उभा राहिला की रोजकीर्द चाळून हाती काही लागत नाही, त्याला खतावणीच लागते. 4.5 मिलिमीटरच्या मॅच पेलेटच्या डब्यावर 4.49 किंवा 4.50 असे डोक्याचे माप असते. हा शतांश मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण दहा मीटरवरील एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिलिमीटरचा असल्याने तो फरक ग्रुपमध्ये, म्हणजे लक्ष्यावर पडलेल्या छिद्रांच्या पुंजक्यात, उमटू शकतो. खतावणीच्या पानावर वरच्या कोपऱ्यात एक रिकामी चौकट आहे. डब्याचे लॉट नंबरचे लेबल किंवा .22 काडतुसांच्या खोक्याची कापलेली पट्टी तेथे डकवता येते, त्यामुळे आकडे उतरवताना होणारी चूक टळते.

ही शिस्त मुळात काडतुसे स्वतः भरणाऱ्यांची आहे. जेथे कायद्याने तशी मुभा आहे, तेथील जाणकार मंडळी दारूचे नाव व लॉट, तिचे ग्रेनमधील वजन, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), गोळीचे वजन, काडतुसाची एकूण लांबी आणि ते पितळी कवच आजवर किती वेळा वापरले गेले, एवढे सगळे लिहून ठेवतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम, हे ध्यानात घेतले तर वजन स्मरणावर सोडणे किती धोक्याचे आहे ते कळते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. शिवाय .22 रिमफायरचे काडतूस सर्वसाधारणपणे पुन्हा भरले जात नाही, कारण त्याचे प्रायमिंग कडेच्या पोकळीत असते आणि फायरिंग पिनच्या आघाताने ती कड चेपते. त्यामुळे यातले निम्मे रकाने आपल्याला नकोत, आणि या वहीत ते नाहीतही. मात्र ‘या वेळी काय बदलले?’ हा रकाना ठेवला आहे आणि तो मुद्दाम एकाच ओळीचा आहे. लॉट, बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि डायॉप्टर (नेम धरण्याची मागची साइट) असे सगळे एकाच दिवशी बदलले, तर ग्रुप कशामुळे सुधारला हे कोणालाच सांगता येणार नाही.

पानांवर मशीनने क्रमांक घातले आहेत. वाईट दिवसाचे पान फाडण्याचा मोह झालाच, तर क्रमांक लगेच चुगली करतात!

उणिवा मात्र आहेत. सर्वांत मोठी म्हणजे तापमानाचा रकाना नाही. मे महिन्यात सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो; उष्णतेने काडतुसातील दारूचा जोर वाढतो, गोळीचा वेग बदलतो आणि पन्नास मीटरवर तो फरक वर-खाली दिसू शकतो. येथे उन्हाळ्यात लिहिलेली नोंद हिवाळ्यात पुण्यातील बालेवाडीच्या रेंजवर ताडून पाहायची, तर तापमान हवेच. शेऱ्याचा रकाना अरुंद आहे, आणि जेल पेनची शाई मागच्या पानावर उमटत असल्याने साधे बॉलपेनच वापरावे लागते. दिवाळीच्या तोंडावर व्यापाऱ्यांच्या वह्यांची गर्दी असते; त्या सुमारास दिलेले काम ठरल्या वेळेला हाती पडले नाही, आणि दोनदा विचारूनही ‘उद्या या’ एवढेच उत्तर मिळाले.

तरीही छापील डायरीपेक्षा थोडे अधिक पैसे देऊन ही वही घ्यावी, असे माझे मत आहे. आखणी मागणीप्रमाणे होत असल्याने तापमान आणि वाऱ्याचे रकाने आधीच सांगून घालून घ्यावेत व शेऱ्याची जागा दुप्पट करून मागावी. या बदलांचे वेगळे पैसे पडत नाहीत.