सौम्य रेझर: शिम घालावी की अ‍ॅडजस्टेबल घ्यावा?

तीन हात मारून झाले, ब्लेड कालच बदललंय, फेसही चांगला होतो, तरी जबड्याच्या कडेखाली बोटाला खुंट लागतात. ब्लेडचा ब्रँड बदलूनही हेच होत असेल, तर कारण बहुधा रेझरच्या सौम्यपणात आहे, म्हणजे त्यात धार फार कमी उघडी राहते. जिलेट टेक आणि त्याच्या घडणीचे आजचे तीन भागांचे (टोपी, प्लेट, दांडा) रेझर नवख्या हाताला सहसा कापत नाहीत, आणि त्याच कारणाने राठ दाढीला ते कमी पडतात. आता एकतर आहे त्याच रेझरमध्ये शिम घालायची, नाहीतर डायल फिरवून धार कमी-जास्त उघडी करता येणारा अ‍ॅडजस्टेबल आणायचा. दोन्ही वापरून मी एकावर स्थिरावलो आहे, पण दुसऱ्याची बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही.

शिम म्हणजे फिटर लोक मशीनच्या पायाखाली सरकवतात तीच पातळ पट्टी. रेझरमध्ये ती खालची प्लेट आणि ब्लेड यांच्या मध्ये बसते. दुधारी ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. जुन्या ब्लेडचीच शिम केली, तर ब्लेड आणि टोपी तेवढी वर उचलली जातात, गार्ड (धारेखालची प्लेटची कड) आणि धार यांच्यातलं अंतर जवळपास तेवढं वाढतं आणि धार किंचित बाहेर येते. ०.१ हा आकडा फार लहान वाटेल. पण प्लेट बदलून फट कमी-जास्त करायच्या रॉकवेल ६एस रेझरच्या सहा पातळ्या साधारण ०.२० ते ०.७९ मिलिमीटर एवढ्यात बसतात, म्हणजे दोन शेजारच्या पातळ्यांत सरासरी ०.१२ चा फरक. एक शिम म्हणजे जवळजवळ एक पूर्ण पातळी, आणि ती फुकटात मिळते.

करायची पद्धत सोपी आहे, पण कापण्यात बरेच जण चुकतात. वापरून झालेलं स्टेनलेसचं ब्लेड धुऊन कोरडं करा आणि दोन्ही धारांवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे कापताना तुकडा उडणार नाही. ब्लेडचं पोलाद कडक असतं. हाताने वाकवायला गेलात तर ते तडकतं. पत्रा कापायची लहान कात्री घ्या आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. ब्लेड २२ मिलिमीटर रुंद असतं. दोन्ही लांब बाजूंनी दीड ते दोन मिलिमीटर काढलं की अठरा-एकोणीसची पट्टी उरते आणि तिच्यावर धार राहत नाही. भीतीपोटी याहून जास्त कापू नका. शिम जिथे संपते तिथून पुढे ब्लेडला खालून आधार नसतो. तीन-चार मिलिमीटर कापलेली शिम घातली की ब्लेड खुंटावर फडफडतं, आणि माणूस समजतो की शिम हा प्रकारच वाईट आहे. कापलेल्या धारेच्या पट्ट्या उघड्या कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या डबीत भरून ठेवा, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागतात.

कात्रीने कापलेल्या कडेला एका अंगाला बर, म्हणजे उभी राहिलेली बारीक खरखरीत कड, येतो. तो राहिला तर ०.१ ची शिम त्या जागी जास्त जाड होते आणि ब्लेड तिरकं बसतं. काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून शिम दोन्ही अंगांनी सपाट घासा. नख फिरवल्यावर कुठेही अडकलं नाही की झालं. काही जण कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा वापरतात. त्याची जाडीही साधारण तेवढीच असते आणि तो साध्या कात्रीने कापला जातो. पण तो मऊ असल्याने एकदा चेपला की सपाट राहत नाही, आणि भोकं स्वतः पाडावी लागतात. ब्लेडचीच शिम बरी.

बसवताना टोपी उलटी धरायची. आधी ब्लेड, मग शिम, मग प्लेट. शिम ब्लेड आणि टोपीच्या मध्ये घातली तर अंतर वाढत नाही. वर टोपीची कड ब्लेडला दाबेनाशी होते, त्या फटीत फेस साचतो आणि ब्लेड सैल पडतं. दांडा आवळताना ब्लेडची दोन्ही टोकं चिमटीत दाबून ठेवा. मग रेझर ट्यूबलाइटकडे धरून दोन्ही बाजूंची फट बघा. एकीकडे जास्त प्रकाश दिसला तर सोडून पुन्हा बसवा. शेवटी आगपेटीच्या काडीने धारेच्या मागे हलकंसं दाबा. ब्लेड लवत असेल तर त्या रेझरची पकड धारेपासून लांब आहे. त्यात एक शिमही सोसणार नाही, दोन तर नाहीच. पकड चांगली असेल तर दोन चालतात, पण गळ्यावर उलटा हात मारताना त्या जाणवतात. मी एकीवरच थांबतो.

वरचे दरवाजे उघडणाऱ्या बटरफ्लाय रेझरमध्ये शिम घालायची तर जपून. ब्लेड आणि शिम मिळून जाडी वाढली की दरवाजे पूर्ण मिटत नाहीत, आणि लोक नॉब जोराने आवळून त्या यंत्रणेवर ताण आणतात. झिंकच्या मिश्रधातूच्या रेझरमध्येही जोर नको, टोपीचे आटे जातात.

शिमची कटकट रोजची नाही, ब्लेड बदलतानाची आहे. ब्लेड आणि शिम यांच्यात साबणाचं पाणी शिरतं, वाळतं आणि पांढरा थर धरतो. तो न काढता नवीन ब्लेड चढवलं की फट पुन्हा वाकडी. म्हणून दर वेळी शिम चिमटीत धरून अंगठ्याने पुसावी लागते, आणि ओल्या हाताने ती निसटते. कोकणपट्टीत पावसाळ्यात हा थर नीट वाळतही नाही. आठवड्यातून एकदा रेझर पूर्ण सोडून पुसलेला चांगला. शिम स्टेनलेसची नसेल तर प्लेटच्या क्रोमवर गंजाचे डाग पडतात.

आता अ‍ॅडजस्टेबल. इथे बर नाही, पुसापुशी नाही, फक्त आकडा फिरवायचा. १९५८ साली आलेला जिलेटचा फॅटबॉय एक ते नऊ आकड्यांचा होता, आणि चांगला सापडला तर आजही उत्तम चालतो. फक्त डायल फिरवण्याआधी खालचा नॉब थोडा सैल करायची सवय ठेवा, नाहीतर आतल्या भागांवर जोर येतो. मर्कूरचे प्रोग्रेस आणि फ्युचर, भारतात बनणारा पार्करचा व्हेरिएंट, हे याच जातीचे. यांची खरी ताकद एकाच दाढीत आकडा बदलण्यात आहे. चार दिवसांची वाढ असेल तर पहिला हात मोठ्या आकड्यावर, दुसरा लहानावर. गालाला एक, गळ्याला दुसरा. शिमला हे जमत नाही. घातली की ती पूर्ण दाढीभर तशीच. कुणी आठवड्यातून दोनदाच दाढी करत असेल किंवा गळ्यावरची वाढ चार दिशांना फिरत असेल, तर मी त्याला शिमचा आग्रह धरणार नाही.

माझा निर्णय मात्र मिशीने केला. अ‍ॅडजस्टेबलची सगळी यंत्रणा डोक्याखाली असते, म्हणून डोकं उंच होतं. फ्युचर तर सुमारे १२० ग्रॅमचा आहे आणि त्याची टोपी जाड, गोलसर. गाल-हनुवटीवर ते वजन सुखाचं वाटतं, जोर लावावाच लागत नाही. पण नाकाखाली, मिशीच्या वरच्या कडेला जी चार-पाच मिलिमीटरची पट्टी असते, तिथे हे डोकं नाकाला टेकतं आणि ब्लेडचा कोन बिघडतो. ओठाजवळची कड साफ करताना टोपीखाली धार नेमकी कुठे आहे हे आरशात दिसत नाही. एक केस इकडे, एक केस तिकडे, आणि दोन्ही बाजू सारख्या करण्याच्या नादात मिशी दर आठवड्याला अरुंद होत जाते. डायल एकवर आणूनही हे सुटत नाही, कारण अडचण अंतराची नाही, डोक्याच्या उंचीची आहे. टेकचं डोकं चपटं असतं. शिम घातल्यावर ते ०.१ ने वाढतं, म्हणजे वाढतच नाही म्हणा. ब्लेडचा कोपरा मिशीच्या कडेला टेकवून धार दिसत ठेवता येते, आणि जबड्याखालचे खुंटही जातात. माझ्या हाताला हा मेळ दुसरीकडे मिळाला नाही. सफाचट राहणाऱ्याला हा मुद्दा कदाचित निम्मासुद्धा लागू होणार नाही.

मधला रस्ता प्लेट बदलायच्या रेझरचा, म्हणजे वर आलेला रॉकवेल. त्यात तीन प्लेटा आणि प्रत्येक उलटसुलट बसते. पकड पक्की, ब्लेड सरळ, शिमसारखी निसटापुसट नाही. मात्र दाढीच्या मध्ये पातळी बदलायची तर ओल्या हाताने सगळं सोडावं लागतं, त्यामुळे बहुतेकांची एक प्लेट ठरून जाते आणि बाकीच्या डब्यात पडून राहतात. कुठली प्लेट लागणार हे आधी कळलं तर हा पर्याय फार चांगला आहे.

ते कळायलाही शिमच उपयोगी पडते. अ‍ॅडजस्टेबल घ्यायचं मनात असलं तरी आधी दोन आठवडे एका शिमवर दाढी करून बघा, नेहमीच्याच ब्लेडने, म्हणजे फरक कशाचा ते समजेल. पहिल्या दोन-तीन दाढ्यांना हात हलका ठेवा. सौम्य रेझरवर दाबायची सवय लागलेली असते, आणि शिमवर तोच दाब गळ्याला चरचरतो. नंतर फिरवलेली तुरटी किती झोंबते, हे माझं रोजचं माप आहे. दोन आठवड्यांनंतरही झोंबणं कमी झालं नाही, तर शिम काढा. तुमचा रेझर होता तसाच ठीक होता, आणि थोडं तीक्ष्ण ब्लेड पुरेल. झोंबत नाही पण खुंट अजून राहतात, तर डायलचा विचार करा.

आणि शिम एक नाही, दोन करून ठेवा. जुनं ब्लेड टाकताना त्याला चिकटलेली शिम त्याच्याबरोबर डबीत जाते.