वायर रोप बॅरियर: धडकेनंतरच्या दुरुस्तीच्या कसोटीवर

दुभाजकात बसवलेल्या वायर रोप बॅरियरची, म्हणजे ताणलेल्या पोलादी दोरांच्या कठड्याची, चर्चा होते ती बहुतेक वेळा त्याने गाडी कशी अडवली याची. वास्तविक हा कठडा वारंवार धडका खाणार आणि प्रत्येक धडकेत थोडासा मोडणार, हे धरूनच त्याची रचना केलेली असते; त्यामुळे त्याचे मूल्यमापन दुरुस्तीपासून वेगळे काढता येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या प्रवाशांना तो 'ब्रायफेन रोप' या नावाने ठाऊक आहे. रस्त्यांच्या देखभालीची पाहणी करण्याच्या कामात मी अशा कठड्यांची दुरुस्ती जवळून पाहिली आहे. माझे मत असे, की वस्तू उत्तम आहे आणि तिची दुरुस्तीही सोपी आहे, परंतु त्या दुरुस्तीचा जो भाग डोळ्यांना दिसत नाही तोच नेमका अर्धवट सोडला जातो.

या कठड्यात तीन किंवा चार पोलादी दोर असतात. प्रत्येक दोर साधारण १९ मिलिमीटर जाडीचा, सात-सात तारांचे तीन पदर एकत्र पिळून केलेला आणि जस्तलेपित असतो. दोरांना आधार देणारे खांब मुद्दाम कमकुवत ठेवलेले असतात. गाडी आदळली की खांब वाकतात, दोर मात्र खेचले जाऊन गाडीला कवेत घेतात आणि तिचा वेग हळूहळू कमी करतात. काँक्रीटच्या भिंतीपेक्षा आतल्या माणसांना बसणारा धक्का यात पुष्कळ सौम्य असतो. खांब हे येथे खर्ची घालायचे भाग आहेत, आणि दुरुस्तीची सारी सोय याच एका निर्णयातून आलेली आहे.

खांब बहुधा जमिनीत ठोकलेले नसून काँक्रीटच्या पायातील सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, नुसते उभे केलेले असतात. वाकलेला खांब उपसून काढायचा, सॉकेटमधली माती साफ करायची, नवा खांब सोडायचा आणि दोर पुन्हा त्यांच्या खाचांत बसवायचे, एवढ्यावर किरकोळ धडकेची दुरुस्ती भागते. तीन-चार अनुभवी कामगार एक लेन बंद करून हे काम थोड्या वेळात उरकतात. मेटल बीमच्या क्रॅश बॅरियरला अशीच धडक बसली, तर चेपलेला पत्रा सोडवणे, जमिनीत रुतलेले खांब यंत्राने उपटणे आणि नवे ठोकणे यात बराच अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ कामगार भरधाव वाहनांच्या शेजारी उभे असतात. दुरुस्तीचा वेळ कमी होणे ही माझ्या दृष्टीने सर्वप्रथम त्यांच्या जिवाची बाब आहे, आणि या मुद्द्यावर मी या कठड्याला पूर्ण गुण देईन.

गुण कापावे लागतात ते ताणाच्या बाबतीत. उच्च ताणाच्या प्रणालीत प्रत्येक दोरात साधारण २० ते २५ किलोन्यूटन, म्हणजे दोन ते अडीच टनांच्या आसपास ताण ठेवलेला असतो. पोलाद उन्हाने प्रसरण पावते, त्यामुळे मे महिन्याच्या दुपारी हा ताण उतरतो आणि थंडीच्या पहाटे चढतो. म्हणून दोराचे तापमान मोजून, उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून, टेन्शन मीटरने ताण तपासायचा आणि गरज असेल तेथे टर्नबकल (दोर ताणणारा किंवा सैल करणारा आट्यांचा जोड) फिरवून तो जुळवायचा असतो. एका महामार्गावर मी पाहिलेल्या दुरुस्तीत नवे खांब ओळंब्यात उभे होते, परावर्तकही लावले होते. मात्र ताण कोणी मोजला का, असे विचारल्यावर सुपरवायझरने दोर हाताने दाबून दाखवला. अशा रीतीने केलेले काम मी दुरुस्ती मानायला तयार नाही. दोर सैल असेल तर पुढची गाडी त्याला अपेक्षेपेक्षा कितीतरी दूर रेटते, आणि दुभाजक अरुंद असला तर ती समोरच्या लेनमध्ये शिरते.

दोन्ही टोकांच्या अँकरकडेही, म्हणजे दोर जमिनीत जखडून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांकडेही, असेच दुर्लक्ष होते. मोठ्या धडकेचा ओढा दोरांतून थेट टोकाच्या काँक्रीटपर्यंत पोहोचतो, त्यामुळे मोडतोड मध्येच दिसत असली तरी तपासणी टोकापर्यंत व्हायलाच हवी. सॉकेटचा पाया तडकला किंवा कलला असेल, तर त्यात नवा खांब बसतो खरा, पण तो खांब भरवशाचा नसतो. पावसाळ्यात माती भिजून सैल झाली की हा दोष अधिक आढळतो. दोराच्या तारा तुटल्या असतील तर तेवढा तुकडा काढून जोड द्यावा लागतो, आणि ते काम प्रशिक्षित माणसाचेच आहे.

अडकलेल्या गाडीतून माणसे बाहेर काढताना ताणलेला दोर कापण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण सुटलेले टोक आसपासच्या माणसांना जबर इजा करू शकते. शक्यतो आधी टर्नबकल सैल करून ताण उतरवावा. ही माहिती गस्तीपथकाला आणि अग्निशमन दलाला आधीच देऊन ठेवली पाहिजे.

स्वीडनमध्ये १९९८ साली ई-४ मार्गावर, येव्लेच्या उत्तरेला, दोन अधिक एक लेनच्या (एका दिशेला दोन व दुसऱ्या दिशेला एक लेन असलेल्या) रस्त्यावर, दोन दिशांच्या मध्ये असा कठडा बसवला गेला आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. लेनला अगदी खेटून असल्यामुळे तेथे धडका वारंवार होतात, आणि त्यांची दुरुस्ती रस्त्याच्या नेहमीच्या खर्चातच धरली जाते.

आपल्याकडे हा कठडा बसवणाऱ्यांनी देखभालीच्या करारात तीन गोष्टी लिहूनच घ्याव्यात: धडकेची खबर मिळाल्यापासून दुरुस्तीची मुदत, जवळच्या आगारात सुटे खांब आणि जोडसाहित्याचा साठा, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर दोराचे तापमान व ताण यांची तारीखवार नोंद. त्या नोंदीशिवाय ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये.